शहीद जवानाच्या मानवंदनेला पहिल्यांदाच जाताय? साताऱ्यात नव्यानं आलेल्यांसाठी

साताऱ्यात बदलीवर आलात, शिकायला आलात किंवा लग्न होऊन आलात, तर वर्ष सरायच्या आत कुणीतरी सहज म्हणतं, "उद्या आमच्या गावात जवानाचा स्मृतिदिन हाय, या की." नाही म्हणवत नाही. आणि मग रात्री प्रश्न पडायला लागतात. हार न्यायचा का? सलाम ठोकायचा का? कपडे कुठले घालायचे? घरच्यांशी बोलायचं काय? कुणाला विचारावं तर तेही अवघड, कारण इथल्या माणसाला हे सगळं लहानपणापासून बघून माहीत असतं. त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं, त्यामुळं त्यालाही ते सांगता येत नाही.

या जिल्ह्यात फौजेतली नोकरी ही घरोघरची गोष्ट आहे. मराठा लाईट इन्फंट्री, महार रेजिमेंट, तोफखाना, खडकीचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, कुठं ना कुठं गावातला कुणीतरी असतोच. सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, असं गावात सांगतात, आणि तेव्हापासून आजवर तिथून भरती थांबलेली नाही. देशातली पहिली सैनिक शाळाही साताऱ्यातच, १९६१ सालची. त्यामुळं इथला कार्यक्रम टीव्हीवरच्या दिल्लीतल्या संचलनासारखा नसतो. ज्याला मानवंदना द्यायची, त्याचा भाऊ मांडवाच्या खुर्च्या लावत असतो आणि त्याच्या वर्गातला मित्र माईक धरून "हॅलो, टेस्टिंग" करत असतो.

कोणत्या दिवशी काय असतं

सरकारी तारखा आधी सांगतो, कारण त्या सोप्या आहेत.

२६ जुलै, कारगिल विजय दिन. १९९९ च्या त्या युद्धात भारताचे ५२७ जवान गेले. या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, माजी सैनिकांच्या संघटना आणि शाळा-कॉलेजं यांचे कार्यक्रम असतात. साताऱ्यात हा दिवस भर पावसाळ्यात येतो, त्याबद्दल पुढं बोलू.

१६ डिसेंबर, विजय दिवस. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली तो दिवस. त्या लढाईतले माजी सैनिक आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढं गेलेत. त्यांना ऐकायचं असेल तर हा कार्यक्रम चुकवू नका.

७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. हा १९४९ पासून पाळला जातो. यात मानवंदनेपेक्षा निधी संकलनावर भर असतो.

३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. हा दिवस स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांचा. जिथं भोंगा आहे तिथं तो १०.५९ ला सुरू होऊन अकराला थांबतो, आणि ११.०२ ला पुन्हा वाजतो. पहिला भोंगा थांबला की जिथं असाल तिथं उभं राहायचं, एवढंच. बहुतेक लोक चालतच राहतात. तुम्ही थांबा.

२१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. हा फौजेचा दिवस नाही, तरी साताऱ्यात राहणाऱ्यानं एकदा तरी बघावा. १९५९ साली या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस जवान गेले, त्यांची ही आठवण. सकाळी पोलीस मैदानावर परेड होते आणि वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणारे मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे याच जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आणि हुतात्मा स्मारकं? वडूजसारख्या ठिकाणची स्मारकं १९४२ च्या चळवळीत गोळीबारात पडलेल्यांची आहेत. वडूजचा तो मोर्चा ९ सप्टेंबरचा. तिथं वातावरण वेगळं असतं, बंदुकीच्या सलामीपेक्षा मशाल आणि पोवाडा जास्त. जा, पण तिथं जाऊन कारगिलवर भाषण देऊ नका. हे मी का सांगतोय ते तिथल्या लोकांना बरोबर कळेल.

माझं ऐकाल तर आधी गावात जा

पहिल्यांदा जायचं असेल तर जिल्ह्याच्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा एखाद्या गावातला स्मृतिदिन निवडा. मोठ्या कार्यक्रमात पहिल्या तीन रांगा पदाधिकाऱ्यांच्या, पुढं कॅमेरे, आणि तुम्ही मागं. काय चाललंय तेही कळत नाही. गावात मात्र सगळं हाताच्या अंतरावर घडतं आणि चुकलं तर कुणीतरी हळूच सांगतं.

उदाहरण म्हणून पोगरवाडी घ्या. हे कर्नल संतोष महाडिकांचं गाव. ते साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत असताना १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना ते गेले. अंत्यसंस्कार पोगरवाडीतच झाले. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढं चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन २०१७ साली स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. साताऱ्यातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक असते. तुम्हालाही जाण्याआधी ठाऊक असावी.

कुठल्याही गावाला जाताना हाच नियम: ज्याच्यासाठी जाताय त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, कुठं आणि कोणत्या साली गेला, एवढं आधी विचारून घ्या. स्मारकावरच्या फरशीवर हे सगळं कोरलेलं असतं. लवकर पोचलात तर तिथंच वाचा. भाषणात नाव चुकलेला पाहुणा गाव वर्षानुवर्षं विसरत नाही.

तारीख कशी कळणार? ग्रामपंचायतीत फोन करा. शहरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, तिथं बसणारे बहुतेक लोक स्वतः फौजेतून निवृत्त झालेले असतात आणि सांगायला हात आखडत नाहीत. स्थानिक वर्तमानपत्रात आदल्या दिवशी बातमी असते. आणि फ्लेक्स! कुठल्याही फाट्यावर जवानाच्या फोटोचा मोठा फ्लेक्स दिसला की खाली तारीख, वेळ आणि आयोजकाचं नाव असतंच, शिवाय पन्नास शुभेच्छुकांचे फोटोही.

निघण्याआधी

कपडे साधे. पांढरा किंवा फिका शर्ट, साधी पँट. साडी किंवा पंजाबी ड्रेस, भडक नको. काळेच कपडे हवेत असं काही इथं नाही. फौजी छापाचे कपडे, म्हणजे बाजारात मिळणारे ते हिरवे ठिपक्यांचे जॅकेट, अजिबात नको. समोर खरे फौजी उभे असतात.

टोपीबद्दल नेहमी विचारतात. गांधी टोपी, फेटा, पागोटं डोक्यावर असेल तर तसंच ठेवायचं, काढायचं नाही. कॅप आणि हेल्मेट मात्र काढा. स्मारकाच्या चौथऱ्यावर चढताना चपला खाली.

माजी सैनिक असाल तर पदकं लावून या, डाव्या छातीवर. शहीदाच्या घरच्यांना त्याची पदकं लावून अशा कार्यक्रमाला यायचं असेल तर ती उजव्या बाजूला लावतात. एखाद्या आजीच्या पदरावर उजवीकडं पदक दिसलं, तर ते का तिकडं आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. विचारायला जाऊ नका.

जुलैत रेनकोट न्या, छत्री टाळा. परेडच्या मागं दोनशे छत्र्या उघडल्या की मागच्याला काही दिसत नाही, आणि सावधान उभं राहताना छत्रीचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. पश्चिमेकडच्या गावांना, जावळी, पाटण, परळी खोऱ्याकडं जाणार असाल तर रस्त्यावर पाणी आहे का ते सकाळी विचारून निघा. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रश्न उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढं असेल तर अर्ध्या तासाच्या रस्त्याला तास लागतो.

वेळ. पत्रिकेवर नऊ लिहिलं असेल तर पाहुणे साडेदहाला येतील, हे खरं आहे. तरी तुम्ही नऊला पोचा. कारण पाहुणे यायच्या आधीचा तो दीड तास हाच सगळ्यात मोलाचा असतो. शाळेची प्रभातफेरी येते, पोरं लेझीम घेऊन उभी असतात, घरचे लोक स्मारक धुऊन पुसून हार घालतात, म्हातारे फौजी एकमेकांना पलटणीच्या नावानं ओळखतात. तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर हीच वेळ.

एक लहानशी सूचना. गावाकडं निवृत्त फौजीला, तो हवालदार असो की नायक, सगळे 'मेजर' म्हणतात. तुम्हीही "नमस्कार मेजर" म्हटलंत तर चालतं. खरा मेजर तिथं असेल तर तो ओळखू येईल, आणि त्याला 'साहेब' म्हणा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात

गावागावांत क्रम थोडा बदलतो, पण सांगाडा असा असतो.

आधी ध्वज. जिथं ध्वजारोहण असतं तिथं राष्ट्रगीत होतं, पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदांचं. २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीतही बऱ्याच ठिकाणी लावतात. दोन्ही वेळा उभं राहायचं, हात बाजूला, हलायचं नाही. मोबाईल उंच करून रेकॉर्डिंग करत उभं राहणं म्हणजे सावधान नव्हे.

मग पुष्पचक्र. हे साधारणपणे आधी लष्कराकडून किंवा पोलिसांकडून, मग प्रशासन, लोकप्रतिनिधी, माजी सैनिक, घरचे, संस्था असं चालतं. काही गावांत पहिला मान वीरमातेचा असतो. मला विचाराल तर हेच बरोबर. निवेदक नाव पुकारेल त्या क्रमानं जायचं. नाव पुकारलं नाही म्हणून मध्ये घुसायचं नाही. सगळ्यांचं झालं की ग्रामस्थांना फुलं वाहायला सोडतात, तेव्हा तुम्ही जा.

बंदूकधारी तुकडी आलेली असेल तर हुकूम ऐकू येतील. "सलामी शस्त्र" म्हणजे बंदुका समोर धरून मानवंदना. "शोक शस्त्र" म्हणजे बंदुका उलट्या, नळी खाली, मान झुकलेली. हे हुकूम जवानांसाठी असतात, गर्दीसाठी नाहीत. आपण फक्त "सावधान" आणि "विश्राम" पाळायचं.

त्यानंतर बिगुल. पहिली धून 'लास्ट पोस्ट', लांब सुरांची. ती संपली की दोन मिनिटं स्तब्धता. मग दुसरी, चढती धून, तिला 'राऊज' म्हणतात. ती वाजली म्हणजे स्तब्धता संपली. बिगुलर मिळाला नाही तर गावात मोबाईलवरची धून स्पीकरला लावतात. त्यात हसण्यासारखं काही नाही, पण दोन वेळा असं झालेलं बघितलंय की मध्येच जाहिरात वाजली. आयोजक असाल तर धून आधी उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका.

दोन मिनिटं किती मोठी असतात हे तुम्हाला तिथं उभं राहिल्यावर कळेल. लहान मूल रडलं तर बाहेर घेऊन जाण्याची धावपळ करू नका, तिथंच कडेवर घ्या. कुणाचंही लक्ष जात नाही.

सलाम कुणी करायचा? गणवेशातल्यांनी आणि एनसीसीच्या मुलांनी. आपण साध्या कपड्यातले लोक सावधान उभे राहतो, स्मारकासमोर गेलं की हात जोडतो. सिनेमासारखा कपाळाला हात लावून सलाम ठोकला तर कुणी रागावत नाही, पण शेजारचा जुना सुभेदार डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो.

मग घोषणा. "अमर रहे, अमर रहे", "भारतमाता की जय", आणि मराठा पलटणीचा जवान असेल तर त्यांची युद्धघोषणा "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". जोरात द्या. इथं गप्प राहणं हाच परकेपणा.

शेवटी सभा. वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग भाषणं. भाषणं लांबतात. जवानाबद्दल पाच मिनिटं आणि रस्त्याच्या मंजुरीबद्दल वीस, असंही होतं. तरी उठून जाऊ नका. घरचे लोक समोर बसलेले असतात आणि रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या त्यांनाच सगळ्यात आधी दिसतात. बऱ्याच गावांत रक्तदान शिबिर असतं, ते भाषणांच्या वेळेतच उरकता येतं, आणि तेवढंच एक कारण उठायला चालतं. संध्याकाळी कीर्तन आणि जेवण असेल तर थांबा. पंगतीत बसायला संकोच करू नका. नको म्हटलं तर त्या घराला वाईट वाटतं.

पुष्पचक्र द्यायचं असेल

ऑफिसतर्फे, सोसायटीतर्फे किंवा कॉलेजतर्फे देणार असाल तर आदल्या दिवशीच आयोजकाला सांगा, म्हणजे नाव यादीत येतं. फुलवाल्याला 'मानवंदनेचं चक्र' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सत्काराचा हार बांधून ठेवतो. पांढरी शेवंती आणि झेंडू पुरेसा. चकचकीत कागद, थर्माकोल, संस्थेच्या नावाची मोठी पट्टी नको. पट्टी लावायचीच तर लहान.

दोघांनी मिळून न्यायचं. चौथऱ्यापासून दोन पावलं अलीकडं थांबा, मग पुढं होऊन दोन्ही हातांनी ठेवा, दोन पावलं मागं या, क्षणभर मान झुकवा, आणि मग वळा. ठेवून लगेच कॅमेऱ्याकडं तोंड करायचं नाही. आधीच्या कुणाचं चक्र बाजूला सरकवून स्वतःचं मध्ये ठेवू नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

गुलाल नको. एकट्यानं जाणार असाल तर चक्राची गरजच नाही. घरच्या कुंडीतलं एक फूल न्या.

घरच्यांशी

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण इथं होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या घरच्या बायकांना गावातले लोक ज्या नात्यानं हाक मारतात तशीच मारा. काकी, ताई, आक्का, वहिनी. 'वीरपत्नी' हे निवेदकासाठी आणि पत्रिकेसाठी ठीक आहे. समोर बसलेल्या बाईला "वीरपत्नी, तुम्ही कशा आहात" असं कुणी म्हणत नाही.

"कसं झालं?" हे विचारू नका. "गोळी कुठं लागली", "शेवटचा फोन कधी आला होता", "पैसे सगळे मिळाले का", "पेट्रोल पंप मिळाला का" हे तर नाहीच. हे प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारून झालेत. "देशासाठी गेला, अभिमान वाटत असेल" हेही शक्यतो नको. वाटत असेल तर त्या स्वतः सांगतील.

मग बोलायचं काय? स्वतःचं नाव, कुठून आलात, आणि "नमस्कार करायला आलो होतो." बस. त्या बोलल्या तर ऐका. बहुतेक वेळा लढाईबद्दल बोलणं होतच नाही. तो लहानपणी विहिरीत कसा उडी मारायचा, सुट्टीला आला की बैलं कशी हाकायचा, कुठली भाजी खायचा नाही, अशा गोष्टी निघतात. पोरं असतील तर त्यांना शाळेबद्दल विचारा, बापाबद्दल नको. वडील असतील तर पाऊसपाण्याचा विषय काढा. शेतकरी माणूस ऊस-सोयाबीनवर आला की मोकळा होतो.

पाकीट हातात देऊ नका. मदत करायची इच्छा असेल तर त्याचा रस्ता पुढं दिलाय. चहा दिला तर घ्या, पूर्ण प्या.

आणि फोटो. स्मारकाचा काढा, फरशीवरच्या नावाचा काढा, पोरांच्या लेझीमचा काढा. वीरमातेशेजारी उभं राहून सेल्फी नको. रडतानाचा फोटो तर कधीच नको. आपण काढलेला फोटो संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर फिरतो आणि मग त्यांच्याच घरातल्या कॉलेजच्या मुलीच्या फोनवर येतो.

अंत्यसंस्काराला जावं लागलं तर

हा प्रसंग ठरवून येत नाही. बातमी येते आणि गाव बंद होतं, दुकानांची शटरं खाली जातात, कुठल्याच घरात चूल पेटत नाही. पार्थिव बऱ्याचदा विमानानं पुण्यात येतं आणि तिथून लष्कराच्या गाडीनं महामार्गानं साताऱ्याकडं. वेळ सतत बदलते. सकाळी आठचे दुपारचे दोन होतात. पाणी आणि टोपी घेऊन जा, गाडी गावाच्या बाहेर लावा, फाट्यापासून चाला. लष्कराची गाडी आणि ॲम्ब्युलन्स जायला रस्ता मोकळा हवा असतो, आणि बाहेरून आलेल्या चारचाक्याच तो अडवतात.

दारात रांगोळ्या आणि रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या असतात, त्यावरून गाडी चालवू नका. पार्थिव आधी घरी नेतात. तो वेळ घरच्यांचा, त्या वेळी अंगणात शिरू नका. दर्शन मैदानावर होतं, तिथं रांगेनं जा. झाडावर, शाळेच्या पत्र्यावर, कंपाउंडवर चढू नका.

शवपेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडं. अग्नी देण्याआधी किंवा दफनाआधी तो काढून घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. तिरंगा चितेवर जात नाही, कबरीतही जात नाही. मग हवेत बंदुकीच्या फैरी, बिगुल, आणि अग्नी. फैरींचा आवाज जवळून मोठा असतो, लहान पोरांना आधी सांगून ठेवा. रिकामी काडतुसं आठवण म्हणून उचलू नका, ती मोजून परत न्यावी लागतात.

त्या दिवशी भाषण ऐकून घ्या आणि निघा. बोलायचं असेल तर दहावा-तेरावा झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर एकदा जाऊन या. खरं तर तेव्हाच जायला हवं असतं, आणि तेव्हा कुणी जात नाही.

निधी द्यायचा तर

रस्त्यावर डबा घेऊन फिरणाऱ्याला देण्यापेक्षा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या. पावती मिळते, आयकरात सवलत मिळते, आणि पैसे शहीदांच्या व माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी जातात. फक्त ७ डिसेंबरलाच द्यायचे असतात असं नाही. वर्षभर घेतात.

मिळालेला कागदी झेंडा कार्यक्रमानंतर खुर्चीवर टाकून येऊ नका. पोरांच्या हातातले पडलेले झेंडे गोळा करायला दोघं-तिघं लागतात. तुम्ही नवीन आहात, कुणाला ओळखत नाही, काय काम करावं कळत नाही? हे करा. त्यातूनच ओळखी होतात.

तुमच्याच घरातला कुणी असेल तर

साताऱ्या-सांगलीतल्या कितीतरी घरांत "आमचे पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढीच आठवण उरलेली असते. (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं.) हे शोधता येतं. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून बघता येते. त्यांनी जपलेली एक युद्ध स्मशानभूमी आणि स्मारक पुण्यात खडकीला आहे, साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. इंग्रजीत नावांची अक्षरं तेव्हाच्या कारकुनानं ऐकली तशी लिहिलीत, त्यामुळं जाधव, शिंदे, घोरपडे ही आडनावं चार-चार प्रकारे टाकून बघा.

स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांची नावं दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. इंडिया गेटच्या शेजारीच, प्रवेश मोफत. त्यातल्या त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाईटच्या एकेका विटेवर एकेक नाव आहे. संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास तिथं शहीदाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. तुमच्या माहितीतल्या घराला दिल्लीला जायचं असेल तर जवानाचा सैन्य क्रमांक, हुद्दा आणि पलटण कागदावर लिहून बरोबर द्या, आणि निघण्याआधी सैनिक कल्याण कार्यालयात एकदा बोलून घ्यायला सांगा. वीट कुठल्या भिंतीवर आहे ते तिथं नावावरून शोधून देतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर दुपारचं ऊन टाळून संध्याकाळचीच वेळ धरा.